सोळावं डोकं

१

बुधवारी सकाळी दोन्या कासिल्दाने सात नंबरचा डबा उघडला, तर आत नुसता लाकडाचा भुसा. डोकं नव्हतं.

तिने भुशात कोपरापर्यंत हात घातला. सहा किलोचं प्लास्टरचं डोकं भुशात बुडून दिसेनासं होत नाही हे तिला कळत होतं, पण हाताला कुठे कळतं! मग तिने डबा उलटा केला, जमीनभर भुसा सांडला आणि स्टुलावर बसून राहिली. गळ्यातला किल्ल्यांचा जुडगा तिने उगाचच घट्ट धरला.

दोन्या म्हणजे बाईसाहेब. ही दोन्या कासिल्दा जोडे शिवणाऱ्याची बायको. नवरा गेला तेव्हा बूट शिवायचे की काय करायचं, असा प्रश्न होता, तेवढ्यात एक पैलवान दारात आला आणि म्हणाला, "बाई, पायाला बसतं तसं डोक्याला बसेल असं काही शिवता का?" तेव्हापासून वीस वर्षं ती मुखवटे शिवत होती. बुटाला जसा आतून आकार द्यायला लाकडी फर्मा लागतो तसा मुखवट्याला डोक्याचा फर्मा हवा, हे तिचं डोकं. पैलवान यायचा, दार लावून मुखवटा उतरवायचा, ती त्याच्या उघड्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायची. मेक्सिको शहरातल्या पंधरा नामांकित पैलवानांचे उघडे चेहरे तिच्या फळीवर पंधरा डब्यांत कुलूपबंद होते. प्रत्येक डब्याच्या दोन किल्ल्या. एक तिच्या गळ्यात, दुसरी त्या पैलवानाकडे. वीस वर्षांत एकही चेहरा बाहेर फुटला नव्हता.

आखाड्यात पैजेच्या कुस्तीत एखादा हरला आणि त्याचा मुखवटा सगळ्यांसमोर उतरला, की दुसऱ्या दिवशी ती त्याचं डोकं गोणपाटात गुंडाळून अंगणात हातोडीने फोडायची. पैलवान टोप्या काढून उभे राहायचे. कुणी रडायचंही. चेहरा जगाने पाहिला, आता फर्म्याचं काम काय? हा तिचाच रिवाज होता आणि सगळ्या शहराला ठाऊक होता.

सात नंबरचं डोकं होतं एल तेकोलोतेचं. तेकोलोते म्हणजे घुबड. एरवी रात्री घुबड ओरडलं की लोक छातीवर क्रूसाची खूण करतात, पण या घुबडासाठी पोरंसोरं जीव टाकायची. आखाड्यातला तो राजा, आणि गेली चार वर्षं सिनेमातलाही. पडद्यावर तो भुतांशी, पिशाच्चांशी, मेंदू चोरणाऱ्या शास्त्रज्ञांशी मुखवट्यासकट लढायचा, मुखवट्यासकट जेवायचा आणि मुखवट्यासकट झोपायचा. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे. सध्याच्या सिनेमात बुडालेल्या नवऱ्यामुली विहिरीतून वर येत होत्या, आणि स्टुडिओच्या मागच्या बाजूला, घोडदळाच्या सिनेमांचे जुने बूट ठेवायच्या खोलीत, दोन्याचं शिवणकाम चालू होतं.

निर्माता सेन्योर आर्कादियो धावत आला. टक्कल घामाने चमकत होतं.

"कुलूप फोडलंय?"

"नाही. किल्लीने उघडलंय, पुन्हा लावलंय."

"मग किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. एक त्याच्याकडे."

"तो स्वतःचंच डोकं कशाला चोरेल, बाई? उद्या हा चेहरा छापून आला की घुबड संपलं. माझे तीन सिनेमे संपले. चाळीस माणसं घरी बसतील." त्याने रुमालाने टक्कल पुसलं. "मी सांगतो कुणी केलं ते. कबरखोद्याने. घुबडाने आखाड्यात त्याचा मुखवटा उतरवला तेव्हापासून नऊ वर्षं दात धरून बसलाय."

दोन्याचा हात जुडग्यावर थबकला.

"तो तीन आठवडे झाले पाचुकाला बहिणीकडे गेलाय."

"म्हणूनच! तिथून किल्ली बनवून आणली असेल. शनिवारी मुखवटा फाडायचा प्रसंग चित्रित करायचाय. तोपर्यंत डोकं मिळालं तर ठीक. नाहीतर शनिवारी संध्याकाळी मी पोलिसांना पाचुकाला धाडतो आणि वर्तमानपत्रांना सांगतो, की दोन्या कासिल्दाच्या कपाटातून चेहरे चोरीला जातात."

तो गेला. दोन्याने फळीवरच्या चौदा डब्यांकडे पाहिलं. ही बातमी फुटली तर त्या चौदांपैकी एकही जण पुन्हा आपलं डोकं तिच्या हातात देणार नव्हता. आणि तिला दुसरं काही येत नव्हतं.

२

त्या काळात कुस्तीच्या एका साप्ताहिकाचा फोटोवाला स्टुडिओत मुक्कामालाच असल्यासारखा असे. सिरियाको त्याचं नाव. तेकोलोतेच्या उघड्या चेहऱ्याच्या एका फोटोसाठी त्याने स्वतःची आजीही गहाण टाकली असती. मंगळवारी दुपारी तो बुटांच्या खोलीपाशी घुटमळताना दिसला होता. दोन्याने त्याला कॉफीच्या गाडीपाशी गाठलं.

"काल माझ्या दाराशी काय करत होतास रे?"

"वास घेत होतो," सिरियाको दात काढत म्हणाला. "दोन्या, खोटं कशाला बोलू? दार उघडं असतं तर आत शिरलोच असतो."

"आणि डोकं पळवलं असतंस."

"डोकं? छे!" त्याला खरंच हसू आलं. "गेटवरचा पहारेकरी रोज माझी पिशवी झाडून बघतो. सहा किलोचा दगड काखेत मारून जाऊ कुठे? मी डबा उघडला असता, खटाखट तीन फोटो काढले असते, डबा लावला असता आणि मजेत तामाले खात बसलो असतो. तुम्हाला पत्ताही लागला नसता."

दोन्या कॉफीचा पेला तसाच हातात धरून उभी राहिली.

"काय झालं?" सिरियाकोने विचारलं.

"काही नाही. तू गाढव आहेस, पण आज कामाचं बोललास."

तिथून ती आवाजाच्या खोलीत गेली. लेओबार्दो काळ्या खोलीत एकटाच बसून स्वतःशी भांडत होता. हा त्याचा रोजचा उद्योग. सिनेमातला वेडा डॉक्टर तोच, आणि पडद्यावर तेकोलोतेला जो भारदस्त आवाज आहे तोही याचाच. पैलवानाला संवाद म्हणता येत नाहीत, म्हणून तो नुसते ओठ हलवतो आणि लेओबार्दो नंतर आवाज भरतो. त्यामुळे 'दुष्टा, थांब!' असं ओरडणारा आणि 'हा हा हा' असं हसणारा माणूस एकच.

"डोकं गेलं म्हणे," तो म्हणाला. "माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. सहा सिनेमे त्याचा आवाज झालोय मी. लोक सही मागतात त्याच्याकडे. मला किराणावालाही ओळखत नाही."

"मग? घेतलंस डोकं?"

"त्याचा चेहरा घेऊन मी काय करू? त्याने माझं काम सोपं केलं तरी खूप झालं." त्याने वैतागून पडद्याकडे बोट दाखवलं. "हे बघा. हे गेल्या महिन्याचं रीळ."

पडद्यावर तेकोलोते काहीतरी बोलला. मुखवट्याच्या फटीतून वाक्य संपल्यावरही त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"असाच तो. आळशी ओठ. वाक्य संपलं तरी तोंड उघडं. मला दम घ्यायला जागा मिळायची. आता हे गेल्या आठवड्याचं." दुसरं रीळ लागलं. तेकोलोते बोलला आणि ओठ करकचून मिटले. "बघितलंत? माझे दोन शब्द बाहेर लटकतात! तीन आठवडे हा छळ चाललाय. कुणी शिकवलं त्याला तोंड मिटायला?"

दोन्याने दुसरं रीळ पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"दोन्या, तुम्ही एवढ्या पांढऱ्या का पडलात?"

ती उठली आणि खोलीकडे जवळजवळ पळतच गेली.

३

दार आतून लावून ती शिवणाच्या टेबलाशी बसली. शिलाई यंत्रापाशी तेकोलोतेचा रोजच्या वापरातला मुखवटा पडला होता. हनुवटीची शिवण उसवली म्हणून त्याने सोमवारी निरोप्याबरोबर पाठवलेला. निरोप्याबरोबर! चार वर्षं हा माणूस रोज दुपारी या टेबलाशी बसून तिच्या हातचं बिनमिरचीचं घेवड्याचं सूप प्यायचा, कारण त्याला अल्सर होता. गेले तीन आठवडे मात्र आपल्या खोलीत दार लावून जेवत होता. दोन्या मनातून रुसली होती. मोठा नट झाला, असं स्वतःला समजावून गप्प बसली होती. रुसलेल्या माणसाला दिसत नाही हेच खरं.

तिने मुखवट्याची नाडी उचलली. तेकोलोते नेहमी मोच्याची गाठ मारायचा, तिनेच शिकवलेली. ही गाठ साधी होती. हनुवटीच्या आतल्या कापडावर तिखट चटणीचा लाल डाग होता.

आता नीट विचार करायचा, तिने स्वतःला बजावलं. ज्याला चेहरा हवा, त्याला फोटो पुरतो. सहा किलो ओझं नेणाऱ्याला चेहरा नकोच होता. मग काय हवं होतं? डोक्याचा दुसरा उपयोग काय?

सगळ्या शहराला हा प्रश्न विचारला असता तर कुणालाही उत्तर सुचलं नसतं. ते चेहऱ्याच्या मागे वेडे होते. पण दोन्या जोडे शिवणाऱ्याची बायको होती. फर्मा चेहऱ्यासाठी नसतो. फर्मा मापासाठी असतो.

मंगळवारी दुपारीच तिने सेटवर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं होतं, की शनिवारच्या प्रसंगाला दुहेरी मुखवटा लागेल. वेडा डॉक्टर वरचा मुखवटा फाडतो आणि खाली दुसरा तसाच मुखवटा निघतो, थिएटरात टाळ्या पडतात. एरवीचा मुखवटा ताणून कुणालाही बसतो, पण दुहेरी सुतभरही चुकून चालत नाही. "बुधवारी डोकं काढते आणि त्यावर बेतते, मग तुझ्या डोक्यावर घालून बघते," असं ती म्हणाली होती. तेकोलोतेने मान हलवली होती. आणि बुधवारी डोकं नव्हतं.

म्हणजे ज्याच्याकडे किल्ली होती त्यानेच नेलं होतं. कारण डोक्याचं माप आणि माणसाचं माप जुळणार नव्हतं.

"मुखवट्यात दुसराच कुणीतरी आहे," ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

मग रोसेंदो कुठे होता? तेकोलोतेचं हे खरं नाव तिच्याशिवाय शहरात फार तर तिघांना ठाऊक असेल. जिवंत होता ना?

तीन आठवडे रोज घामाने भिजून अंगावर वाळलेलं कापड ज्याच्या डोक्यावर असतं त्याचाच आकार घेतं. दोन्याने मुखवटा ओला केला, एकेक डबा उघडला आणि एकेका डोक्यावर तो चढवून पाहू लागली. पहिल्याला कपाळाशी सुरकुत्या. चौथ्याला कान आडवे आले. नवव्याचं नाक डोळ्याच्या भोकात. चौदाही डोकी झाली. एकालाही बसेना.

बराच वेळ ती खिडकीखालच्या जुन्या पेटाऱ्याकडे बघत राहिली. त्यात नवऱ्याचे लाकडी फर्मे होते. तो पेटारा कुणीच उघडत नसे. दोन्या गुडघ्यांवर बसली, फर्मे बाजूला केले आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं सोळावं डोकं बाहेर काढलं.

हे डोकं जगात नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिने ते सगळ्यांसमोर फोडलं होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. गोणपाटात त्या दिवशी एक तडकलेलं कोरं प्लास्टर होतं. आयुष्यात पहिल्यांदा शिवलेला मुखवटा याच डोक्यासाठी होता, आणि याच्यावर हातोडी उचलायला तिचा हात धजला नव्हता. त्याबद्दल ती कुणाशी कधी बोलली नव्हती.

तिने ओला मुखवटा त्यावर चढवला. एकही सुरकुती पडली नाही.

४

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन्या गोणपाटाचं गाठोडं काखेत घेऊन तेकोलोतेच्या खोलीशी गेली आणि दार ठोठावलं.

आतला खाण्याचा आवाज थांबला. तेकोलोते सेटवर कुणाशी बोलतच नसे.

"उघड, त्रांकिलिनो," ती हळू आवाजात म्हणाली.

आत खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

तो मुखवट्यात उभा होता, हातात अर्धा खाल्लेला तोर्ता, त्यावर मिरच्याच मिरच्या. एकेकाळचा कबरखोद्या. काळ्या मुखवट्याचा, पांढऱ्या फावड्याच्या खुणेचा, आखाड्यातला सगळ्यात द्वाड पैलवान. नऊ वर्षांपूर्वी वीस हजार लोकांसमोर तेकोलोतेने त्याचा मुखवटा उतरवला होता. तेव्हापासून तो स्टुडिओत लढाया बसवून द्यायचा, नटांना पडायला शिकवायचा, आणि दोन्याची खोली लागली की वाट वाकडी करून जायचा. दोघांची अंगकाठी एकच. म्हणून तर त्यांच्या कुस्त्या तशा रंगायच्या.

"रोसेंदो कुठाय?" दोन्याने दार लावून घेतलं. "आधी ते सांग."

"घरी. अंधाऱ्या खोलीत, पाठीवर पडून." त्याने मुखवटा उतरवला. केस पिकले होते. "डोळ्याचा पडदा सुटलाय. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे हलायचं नाही. एक धक्का बसला की आंधळा. आणि इकडे सेन्योर आर्कादियोने तीन सिनेमांवर सह्या घेतल्यात. हे कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी मुखवटा दुसऱ्या कुणाला तरी विकला असता. कराराने मुखवटा त्याचाच आहे."

"म्हणून तू."

"रोसेंदोनेच बोलावलं. म्हणाला, मुखवटा गेला की काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? माझ्याकडूनच कळलंय तुला." त्रांकिलिनो हसला. "वर म्हणाला, तू मला जेवढं ओळखतोस तेवढं माझी बायकोही ओळखत नाही. नऊ वेळा माझी मान पिरगाळलीयस."

"आणि मला का नाही सांगितलं? वीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसलेय. मी कुणाला सांगणार होते?"

त्याने तोर्ता खाली ठेवला.

"रोसेंदो म्हणत होता, सांगू या. मीच नको म्हटलं. तुम्ही माझं डोकं फोडलंत त्या दिवशी मी अंगणात होतो, दोन्या. टोपी हातात घेऊन. बरोबरच होतं ते, तुमचा रिवाज आहे. पण त्यानंतर दुसऱ्याचा मुखवटा घालून तुमच्यासमोर बसायचं? लाज वाटली मला. डोकं पळवताना विचार केला, माझ्याशी जुळवून बघायला माझा फर्मा तर आता कुठेच नाही. मग तुम्हाला कसं कळणार?"

दोन्याने गोणपाट टेबलावर ठेवलं.

"सोड."

त्याला वाटलं, शिवणाचं काही सामान असेल. त्याने सुतळी सोडली. आतून त्याचाच चेहरा वर आला, नऊ वर्षांनी तरुण, नाक अजून एकदाच मोडलेलं. त्याने हात मागे घेतला. मग एका बोटाने प्लास्टरच्या भुवईला शिवला.

"हे फुटलं होतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मी आवाज ऐकला."

"दुसरं प्लास्टर होतं. माझ्याने झालं नाही रे." तिने गोणपाटाची घडी घातली. "नऊ वर्षं तू माझ्या दारावरून तोंड फिरवून गेलास आणि मी आतून बघत बसले. दोघंही मूर्ख."

एवढा मोठा गडी टेबलाशी बसून ओंजळीत तोंड लपवून रडला. दोन्याने त्याचा तोर्ता त्याच्यापुढे सरकवला, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही.

मग तिने एप्रनला हात पुसले. "घुबडाचं डोकं कुठाय?"

"टोपीच्या खोक्यात. पलंगाखाली."

"आण इकडे. आणि सरळ बस, माप घेऊ दे. शनिवारला दोनच दिवस आहेत."

५

"गच्चीवर?" सेन्योर आर्कादियो ओरडला. "गच्चीवर चुना लावायला ठेवलं होतंत?"

"हो. ठेवलं आणि विसरले. वय झालं, सेन्योर."

"माझ्या रक्ताचं पाणी केलंत, बाई! मी पोलिसांना फोन करणार होतो!"

"करू नका. पाचुकातली ती बिचारी बहीण उगाच घाबरायची."

शनिवारी सकाळी अख्ख्या सेटला हसायला विषय मिळाला. प्रकाशवाले एकमेकांना विचारत होते, "अरे, माझं डोकं दिसलं का कुठे? दोन्याला विचार, तिने वाळत घातलं असेल!" सिरियाकोने तिचा गच्चीकडे बोट दाखवतानाचा फोटो मागितला. वीस वर्षं जिच्या हातून सुई हरवली नव्हती त्या दोन्या कासिल्दाने हे सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मनातून ती चरफडत होती. पण तिच्या नावाला लागलेला हा डाग हसण्यावारी जाणारा होता, दुसरा गेला नसता.

विहिरीच्या सेटवर धूर सोडला होता. बुडालेल्या सात नवऱ्यामुली ओल्या झग्यांत कुडकुडत पाव खात होत्या. लेओबार्दो वेड्या डॉक्टरच्या वेषात फेऱ्या मारत होता. दोन्या दुहेरी मुखवटा घेऊन पडद्यामागे गेली. तेकोलोते स्टुलावर पाठ करून बसला होता. तिने बाकीच्यांना बाहेर घालवलं.

"आधी आतला," ती म्हणाली आणि मुखवटा त्याच्या हातात दिला. "तूच चढव."

तो डोक्यावर घेणार तेवढ्यात त्याची बोटं आत थांबली. त्याने मुखवटा उलटा केला.

बाहेरून ते घुबडच होतं, पांढरी पिसं आणि पिवळी वर्तुळं. पण आतलं अस्तर काळं होतं, जुनं, मऊ पडलेलं. कपाळाशी पांढऱ्या दोऱ्याचं फावडं होतं. एका बाजूला दोरा तुटला होता. नऊ वर्षांपूर्वी रोसेंदोच्या बोटांनी तुटलेला. तो मुखवटा आखाड्यातून तिनेच उचलून आणला होता.

त्रांकिलिनोने त्या तुटलेल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. त्याने ओठ करकचून मिटले.

"बाहेरचा आज लेओबार्दो फाडणार," दोन्या म्हणाली. "हा कुणी फाडायचा नाही. काम झालं की तुझ्याकडेच ठेव. रोसेंदोला मी त्याच्या मापाचा शिवते."

"आणि डोकं?"

"फळीवर सोळावा डबा ठेवलाय. किल्ली माझ्याकडून घेऊन जा."

बाहेरून दिग्दर्शक ओरडला. दिवे लागले. वेड्या डॉक्टरच्या हसण्याची तालीम सुरू झाली. त्रांकिलिनोने मुखवटा चढवला. घुबड पुन्हा स्टुलावर बसलं होतं आणि आत कबरखोद्या नऊ वर्षांनी आपल्या जागी होता. त्या आतल्या काळ्या अस्तराचं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

दोन्याने नाडी ओवली आणि मोच्याची गाठ घेतली.

"घट्ट बांधा, दोन्या," तो म्हणाला.